इन, आउट आणि विदाऊट

सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान पांढरकवड्याच्या बसस्टँडवर जी मंडळी उतरतात, त्यांना गावात एकच नाव आहे : अपडाऊनवाले. त्यात मास्तर असतात, बँकेतले असतात, पंचायत समितीतले असतात, कोर्टातले असतात. कुणी यवतमाळहून येतं, कुणी वणीहून. पाच वाजले की पुन्हा सगळे बसस्टँडवर. यांतल्या पुष्कळांना नियमानं मुख्यालयी राहायचं असतं, आणि कागदावर ते राहतातही.

अप आणि डाऊन हे शब्द रेल्वेचे. इंग्लंडात लंडनकडं जाणारी गाडी अप आणि लंडनहून निघालेली डाऊन. इंग्रजांनी रेल्वे आणली तेव्हा रुळांबरोबर ही जोडीही आली. त्यांच्या मुलखात हे शब्द एकटे फारसे हिंडत नाहीत. दुसऱ्या शब्दाच्या पुढंमागं उभं राहून दिशा दाखवायची, एवढंच त्यांचं काम. आमच्याकडं मात्र त्यांना 'करणे' मिळालं आणि त्यांचा जन्म सुधारला. 'गुरुजी इथीच राह्यतेत काय?' 'नाही जी, थे अपडाऊन करतेत.' हे उत्तर एखाद्या साहेबाला शब्दाला शब्द लावून इंग्रजीत ऐकवलं तर त्याला वाटेल, गुरुजी वर्गात पोरांसमोर उठाबशा काढतात. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून रोज येणाऱ्या गुरुजींना विचारलं तर हा अर्थही त्यांना मान्य होईल.

या जातीच्या शब्दांना आपल्याकडं शब्दयोगी अव्यय म्हणतात. नावातच ताबेदारी आहे. मराठीत ते शब्दाला मागून चिकटतात : घरामागं, झाडाखाली, बायकोसमोर. इंग्रजीत तेच पुढं चालतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. दामल्यांचा ग्रंथ इतका जाडजूड आहे की त्यात अमुक एक गोष्ट नाही असं म्हणायची छाती होत नाही. पण 'इन करणे' त्यात नसणार, एवढी पैज मी लावतो.

इन करणे म्हणजे शर्ट पँटीत खोचणे. क्रिया शर्टावर घडते, घडते पँटीत, आणि दोघांपैकी कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही. 'इन करून ये' म्हटलं की संपलं. पदर खोचतात, शर्ट इन करतात; उलटं कुणी बोलून पाहावं, लोक थांबून बघतील. इन केलेला माणूस गावात लांबूनच ओळखू येतो. तो मुलगी पाहायला निघालेला असतो, मुलाखतीला निघालेला असतो, नाहीतर विमा एजंट असतो. पुन्हा ही इन आमच्याकडं बाईमाणूस झाली आहे : 'तुयी इन निघाली ना बे मागून.' तिला स्त्रीलिंग कुणी दिलं, कोणत्या बैठकीत दिलं, काही नोंद नाही. इनच्या विरुद्ध आउट असेल असं समजून कुणी फसू नये. शर्ट बाहेर असतो तेव्हा तो नुसता बाहेर असतो. आउट होतो तो माणूस, आणि तो साधारण रात्री नवाच्या पुढं, हायवेवरच्या धाब्यावर.

पण या सगळ्यांत माझा लाडका विदाऊट. इंग्रजीत त्याच्या पुढं काहीतरी लागतंच : परवानगी, चप्पल, साखर, काहीही. एसटीत तो एकटा उभा राहतो, तोही माणसाच्या रूपानं, खाली मान घालून. 'चेकिंग लागली होती, दोन विदाऊट सापडले.' 'विदाऊट काय?' असं तपासनिसानं विचारल्याचं ऐकिवात नाही. हाच विदाऊट बसस्टँडसमोरच्या टपरीवर गेला की चहा होतो. 'तीन कडक, एक विदाऊट.' म्हणजे बसमधला विदाऊट बिनतिकिटाचा आणि टपरीवरचा बिनसाखरेचा. दोघांत पन्नास पावलांचं अंतर. तरी आजवर कुणी चहाला दंड केला नाही की पॅसेंजर उकळला नाही.

तिकिटाचा विषय निघाला म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट झाली आणि १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. तेव्हापासून कंडक्टरपुढं कुटुंबाची ओळख अशी करून दिली जाते : 'एक फुल, एक हाफ, एक फ्री.' फुल म्हणजे स्वतः बोलणारा, हाफ म्हणजे शेजारी बसलेली त्याची बायको आणि फ्री म्हणजे खिडकीशी बसलेला बाप. 'फ्री कोण हाय?' असं कंडक्टरनं विचारलं की म्हातारा आधारकार्ड वर करून सांगतो, 'मी फ्री.' स्वातंत्र्याची इतकी आटोपशीर घोषणा मी दुसरी ऐकलेली नाही. बाकी, नवरा फुल आणि बायको हाफ, ही घटना कित्येक घरांत एसटीत बसल्यावरच घडते.

थ्रूचा मान वेगळा. कुठल्याही कचेरीत पहिला प्रश्न कामाचा नसतो, 'कोणाच्या थ्रू आले?' हा असतो. पटवाऱ्याच्या थ्रू, सभापतीच्या थ्रू, साळ्याच्या थ्रू. ज्याला थ्रू नाही तो डायरेक्ट. डायरेक्ट आलेला माणूस बाकड्यावर डायरेक्ट बसून राहतो. इंग्रजीत थ्रू म्हणजे आरपार. आमच्याकडं त्याचा अर्थ फिरून जाणे असा झाला आहे, आणि फिरून गेलेलाच लवकर पोचतो, त्यामुळं तक्रारीला जागा नाही.

बाकीच्यांवर फार वेळ घालवत नाही. निवडणुकीत चुलतभाऊ अगेन्स्ट जातो. कारकून साहेबाच्या अंडर असतो आणि साहेब घरी गेल्यावर. लग्नात नवरदेवाचा मित्र ओव्हर करतो : 'लयच ओव्हर करून रायला बे थो.' क्रिकेटमध्ये ओव्हर सहा चेंडूंत संपते, या मित्राची संपत नाही.

बायचं मात्र थांबून पाहण्यासारखं आहे. 'बाय रोड' म्हणजे रस्त्यानं. पण पांढरकवड्यात कुणी नुसतं बायरोड येत नाही, 'बायरोडनं' येतो. इंग्रजीचा 'नं' पुढं आहेच, तरी मराठीचा एक मागून लावायचा. तसंच 'ऑन टायमावर'. परक्या अव्ययावर आमचा पूर्ण भरवसा नाही. ते काम करतं की नाही कुणी पाहिलंय, म्हणून आपला माणूस सोबत दिलेला बरा. आणि बायपास! हायवेला बायपास असतो आणि काकाजींच्या हृदयालाही. रस्त्याचा तो बायपास, छातीची ती बायपास, एवढ्या लिंगभेदावर सगळा व्यवहार सुरळीत चालतो. शेजारच्या घरी आजाऱ्याला भेटायला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा सांगत होता, 'बायपासनं नेलं म्हणून बायपास टायमावर झाली.' आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्थ कळायला कुणालाच अडचण आली नाही.

आता कुणी म्हणेल, ही भेसळ शाळा-कॉलेज आणि मोबाइलनं आणली. तसं नाही. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याआधी आमचे साहेब फारसीत लिहीत, आणि विदर्भात अजूनही तालुक्याला तहसील म्हणायची रीत आहे. केळापूर, म्हणजे आमच्या पांढरकवड्याच्या तहसीलमध्ये कोलाम आहेत, गोंड आहेत, बंजारा तांडे आहेत. पाटणबोरीच्या पुढं गेलं की तेलुगू लागते. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा चव्वेचाळीस नंबरचा हायवे, जो या भागात आधी सात नंबरचा होता, तोही इथूनच जातो, आणि त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक चहाला थांबतो. अशा ठिकाणी एखादी भाषा सोवळ्यात राहील ही अपेक्षाच चूक. इंग्रजी ही आमच्याकडं सगळ्यात शेवटी आलेली पाहुणी आहे, आणि ती सगळ्यात जास्त जेवते, एवढाच फरक.

भाषाशुद्धीवाल्यांनी तिला अडवायचा प्रयत्न केला. सावरकरांनी महापौर दिला, दिग्दर्शक दिला, आणि ते शब्द रुळलेसुद्धा. पण शुद्धीवाल्यांची नजर नेहमी नामांवर. मोठ्या शब्दांची झडती चालू असताना इन, थ्रू, ओव्हर ही चिल्लीपिल्ली पायाखालून आत शिरली. त्यांना पर्याय सुचवायचं कुणाला सुचलं नाही, आणि आता सुचवून कुणी ऐकणार नाही.

क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठी भलतीच कडक आहे. इंग्रजी क्रियापद कितीही शिकलेलं असो, त्याला मराठीत थेट भरती नाही. 'मी ड्राइव्हतो', 'ती अॅडमिटते' असं कुणी बोलत नाही. ड्राइव्ह करतो, अॅडमिट होते. करणे किंवा होणे सही करणार, तेव्हा इंग्रजीला आत घेणार. फारसीनं पाच-सहाशे वर्षं काढली तेव्हा कुठं फर्मावणे, बदलणे यांना 'णे' मिळाला. त्या हिशोबानं इंग्रजीला अजून बराच काळ वाट पाहावी लागेल. पुण्याकडून आलेल्या एका पोरानं 'गुगलून पाहा ना' म्हटलं, तेव्हा मला ही घुसखोरी वाटली होती. आमच्याकडं अजून 'गुगलवर टाकून पाह्य' असंच आहे.

एक चोरवाट आहे, ती 'इंग'ची. शेवटी इंग लावून आलं की क्रियापद नाम होतं आणि नामाला आमच्याकडं मज्जाव नाही. जिनिंग, प्रेसिंग हे तर कापसाच्या गावातले मूळ रहिवासीच. मग वायरिंग, फिटिंग, वेल्डिंग, वेटिंग. सेटिंग आणि फिल्डिंग या दोघी जुळ्या बहिणी. एक लागते, दुसरी लावावी लागते. सगळ्यात नामी पासिंग. आरटीओत गाडी पास होते ती पासिंग, हे ठीक. पण धाब्यावर उभ्या गाडीकडं बघून 'कोणत्या पासिंगची हाय?' म्हणजे नंबर कुठल्या जिल्ह्याचा. 'आपलीच हाय, एकोणतीस पासिंग.' म्हणजे एमएच २९, यवतमाळ. परगावी, मुंबईच्या गर्दीतसुद्धा, एकोणतीस पासिंग दिसली की आमच्या माणसाचा ऊर भरून येतो आणि तो हॉर्न मारतो.

मारतो! इथं साहेबाची खरी दांडी उडते. इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद यांची लग्नं कोणी जुळवली कळत नाही, पण मारणे या क्रियापदानं जितकी केली तितकी कुणी केली नाहीत. किक मारतो, सेल्फ मारतो, ब्रेक मारतो, कट मारतो, टर्न मारतो, राउंड मारतो. पोहोचल्यावर सही मारतो, स्टॅम्प मारतो, रिचार्ज मारतो, डायलॉग मारतो. परीक्षेत कॉपी मारतो. शेतात स्प्रे मारतो. इतकी मारामारी करून माणूस संध्याकाळी घरी सुखरूप येतो आणि 'आज काही कामच नाही झालं' म्हणतो. काढणेही कमी नाही. झेरॉक्स काढतात, लोन काढतात, सातबारा काढतात, आणि नवी मोटरसायकल घेतली की 'गाडी काढली' म्हणतात, जणू ती विहिरीत पडली होती. लोनवर काढली असेल तर ती विहीर खोटी नाही. आणि मोबाइलवरचा निरोप पुण्यामुंबईत पाठवतात, आमच्याकडं सोडतात. 'फोटो सोड', 'लोकेशन सोड', 'आधार सोड'. धरणाचं पाणी सुटतं तसा आधार सुटतो, आणि कुठल्या वावरात जाऊन मुरतो याचा पत्ता लागत नाही.

शेतकऱ्याच्या तोंडी गेल्या काही वर्षांत एक शब्द आला तो म्हणजे ऑनलाइन. हाही तसा ऑन या अव्ययाचाच वंशज. शहरात माणूस ऑनलाइन असतो. इथं माणूस ऑनलाइन करतो. 'पीकविमा ऑनलाइन केला काय?' 'कापूस ऑनलाइन केला काय?' कापूस ऑनलाइन करणे म्हणजे खरेदीसाठी नाव नोंदवणे, हे माहीत नसलेल्याला पऱ्हाटीचं झाड वायरीला टांगल्याचं चित्र दिसेल. मग केंद्रावर ओलावा मोजतात. सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला, आठ टक्क्यांपर्यंतचा चालतो, बारापर्यंत भाव कापून चालतो, बाराच्या पुढं नाही. तिथं कुणी ओलावा म्हणत नाही. 'किती निघालं?' 'मॉइश्चर तेरा निघालं.' 'मंग?' 'रिजेक्ट मारला.' विकला गेलाच तर पेमेंट पडतं. पैसे येत नाहीत, मिळत नाहीत, पडतात. 'पेमेंट पडलं काय?' असं विचारताना माणूस नकळत वर पाहतो. पाऊसही तिकडूनच पडतो आणि त्याचाही भरवसा तेवढाच.

निघण्याची गंमत दवाखान्यातही आहे. 'त्यायची शुगर निघाली.' नुसती साखर निघाल्यानं माणूस एवढा खचतो हे परदेशी डॉक्टरला कळणार नाही. कुणाला बीपी आहे, कुणाला गॅस आहे. इंग्रजी नामं आमच्या अंगात शिरली की आजार होतात. बरं, साखर आणि शुगर यांत आम्ही कधी गल्लत करत नाही. साखर डब्यात, शुगर रक्तात. म्हणून तो टपरीवरचा विदाऊट.

आणखी एक खोड म्हणजे 'रिटर्न वापस'. इंग्रजीतून एकदा, हिंदीतून एकदा, म्हणजे काम पक्कं. मराठीला पिवळा पीतांबर जुन्या काळापासून चालतो, तेव्हा याला नावं ठेवायला आपण कोण. या शब्दाचं सर्वांत भव्य उदाहरण आमच्या जिल्ह्यानं जानेवारी २०१९ मध्ये पाहिलं. यवतमाळला ब्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं आणि नंतर ते निमंत्रण मागं घेतलं गेलं. महाराष्ट्रभर अग्रलेख झाले. टपरीवर एकच वाक्य होतं : 'कार्ड रिटर्न वापस झालं म्हणते.' ज्या मुलखात इंग्रजीची अव्ययं बिनबोभाट मुक्कामाला आहेत, तिथं इंग्रजीच्या लेखिकेला येता आलं नाही, हे मला अजून नीट पचलेलं नाही.

वऱ्हाडी माणसाच्या या इंग्रजीचं मोल लेखकांनी आधीच ओळखलं होतं. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी आपल्या वऱ्हाडी कादंबरीचं नावच 'मेड इन इंडिया' ठेवलं. त्यातही मधोमध एक इन बसलेली आहेच. यवतमाळचे शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' घेऊन गावोगाव हिंडले. लक्ष्मण देशपांड्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'चा मात्र आमच्याशी संबंध नाही. ते वऱ्हाड लग्नाचं. तरी आमच्या भागातल्या नाट्यगृहात कुणीतरी दर वेळी पहिली दहा मिनिटं आपल्या गावचा माणूस स्टेजवर शोधत असतं.

इंग्रजी नावातून वाघही सुटला नाही. इथून जवळच टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथला एक तरुण वाघ रेडिओ कॉलर घालून २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणात आदिलाबादकडं जाऊन आला, पुढं नांदेड, हिंगोली, वाशीम करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशेच्या वर किलोमीटर झाले. त्याला नाव मिळालं वॉकर. इंग्रजीच्या हिशोबानं चालतो तो वॉकर, बरोबरच आहे. पण आमच्याकडं वॉकर म्हणजे कंबरेचं हाड मोडल्यावर आजीला आणून देतात ती चौपायी. त्यामुळं पेपरात 'वॉकर बुलढाण्यात' असं वाचून एका बाईंनी 'एवढ्या दूर कायले नेला?' असं विचारलं. टपरीवरचं मत वेगळं होतं. तिथं म्हणाले, 'यानं नुसतं अप केलं. डाऊन नाही केलं.' मुख्यालय सोडून गेल्याबद्दल त्याच्यावर काही कार्यवाही झाल्याचं ऐकलं नाही.

कॅमेरा ट्रॅप हा शब्दही वाघानंच गावात आणला. आता ट्रॅप आमच्या कानाला नवा नव्हता, पण त्यात सापडायचे ते लाच घेणारे. 'थो बाबू ट्रॅप झाला.' पुढं 'वाघ ट्रॅप झाला' असं ऐकू आलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो, 'किती घेतले होते?'

आणि लग्नपत्रिका. तिथं इंग्रजी व्याकरणाचं जे होतं ते पाहून मला कधीकधी इंग्रजांची दया येते. पत्त्याला 'ॲट पोस्ट मोहदा', म्हणजे एक अव्यय दारातच उभं. खाली आहेराची सूचना. आणि मंडपाच्या कमानीवर दोन नावांच्या मधे थर्मोकोलचं 'वेड्स'. हे एकमेव इंग्रजी क्रियापद असेल जे करणे-होणेच्या जामिनाशिवाय, वर आपला शेवटचा 'स' सांभाळून, थेट मराठी मांडवात शिरलं. पण शिरल्याबरोबर त्याची बदली झाली. आमच्या दृष्टीनं ते क्रियापद नाहीच, उभयान्वयी अव्यय आहे : राहुल आणि पूजा, राहुल वेड्स पूजा, एकच. एका मांडवाच्या कोपऱ्यात मी 'आई वेड्स बाबा, पंचविसावा वाढदिवस' असा केकसुद्धा पाहिला. चव चांगली होती.

शाळेत हे सगळं शिकवतात ते निराळंच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आम्ही पाचवीपासूनचे. आमच्या सरांनी लुक म्हणजे पाहणे आणि आफ्टर म्हणजे नंतर हे दोन्ही अर्थ चांगले घोटून घेतले होते. त्यामुळं लुक आफ्टर म्हणजे 'नंतर पाहू', यात आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. 'आई मुलाला लुक आफ्टर करते' म्हणजे आई मुलाकडं नंतर पाहते. शेतातून आल्यावर पाहतच असे, वाक्य खोटं नव्हतं. पुढं सरकारी कचेऱ्यांशी संबंध आला तेव्हा कळलं की आमचाच अर्थ प्रशासनानं स्वीकारला आहे. तिथली फाइल आधी पुटअप होते, नंतर लुक आफ्टर होते. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर. खरोखरच कपाटाच्या वर ठेवलेली असते.

पुट ऑफ, पुट आउट, पुट अप विथ यांनी आमची पिढी रडवली. एक क्रियापद, मागं एक चिमुकलं अव्यय, आणि अर्थ तिसऱ्याच गावाला. पण याचा वचपा मराठी कसा काढते ते मी एका बँकेत पाहिलं. केरळकडचा एक तरुण अधिकारी पहिल्या नेमणुकीवर आला होता. मन लावून काम करणारा, मराठी शिकायची हौस असलेला, वही घेऊनच हिंडायचा. त्याचे गुरू म्हणजे शाखेतले शिपाई काकाजी.

'काकाजी, करून टाका म्हणजे?'

'म्हणजे करा आन् मोकळे व्हा.'

'करून ठेवा?'

'करा, मंग कामी येईन.'

'करून पाहा?'

'जमलं तं जमलं.'

'करून बसला?'

'म्हणजे करायले नाही पायजे होतं.'

साहेबानं सगळं उतरवून घेतलं. टाकणे, ठेवणे, पाहणे, बसणे, चारही शब्दांचे अर्थ त्याला स्वतंत्रपणे येत होते. वहीत तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'आणि करून रायलो?'

'थे काही नाही साहेब. थे म्हणजे अजून सुरू नाही केलं.'

'होऊन जाईन?'

इथं काकाजी थांबले. खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली, परत ठेवली. 'थे तुमाले सांगून नाही समजत. थे आपोआप येते.'

पेरणीच्या तोंडावर मी पुन्हा त्या शाखेत गेलो होतो. पीककर्जाची गर्दी होती. सर्व्हर डाऊन होता. एक वयस्क शेतकरी काउंटरवर वाकून विचारत होता, 'साहेब, मायं कर्जाचं काय झालं?' साहेबानं स्क्रीनकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं, पेन खिशाला लावला आणि अगदी शांतपणे म्हणाला, 'होऊन जाईन ना जी, काकाजी.'

शेतकरी दोन क्षण त्याच्याकडं बघत राहिला. मग शिपायाकडं वळून हळूच म्हणाला, 'हे साहेब आपल्याच इकडले हायेत काय?'